सुलूकाकूंचा सहावा थैला

सुलूकाकू दारात आलेल्या माणसाला कधी "या" म्हणाल्या नाहीत. आधी त्याच्या डोक्याला हात लावायच्या. चौघे आले असतील तर चौघांच्या, लहानथोर न बघता, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायच्या. निघताना पुन्हा तेच. झाशीत, नगऱ्यातल्या आमच्या रेल्वे क्वार्टरांत त्या नव्या राहायला आल्या, तेव्हा बायकांना वाटलं, ही देशावरची आशीर्वाद द्यायची रीत असेल. पण आशीर्वादाचा हात डोक्यावर जरा रेंगाळतो. काकूंचा हात टेकला की उचललाच. तवा तापलाय का बघतात, तसा. थोड्या दिवसांनी कळलं, त्या मोजतात.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात पंचांग नव्हतं, पत्रकं होती; पिवळी, गुलाबी, हाताला शाई लागणारी. नाना, म्हणजे माझे वडील, लोको शेडमध्ये फिटर होते आणि युनियनचा मजकूर तेच लिहायचे. जेवताना ते मला मसुदा वाचायला लावत आणि जिथे मी अडखळेन ते वाक्य खोडून टाकत. 'भीती ही सरकारची सगळ्यात स्वस्त चौकी. तिला शिपाईसुद्धा लागत नाही,' या वाक्यावर मी अडखळले नाही, म्हणून ते छापलं गेलं. आणि भिंतीपलीकडे एक बाई भीतीला रोज न्हाऊमाखू घालत होती. मला ते पटणं शक्यच नव्हतं. तरी मी दिवसातून दोनदा त्यांच्याकडे असायची. आमच्याकडे वाक्यं होती; त्यांच्याकडे काहीतरी वेगळंच होतं, ज्याच्याकडे बघत राहावंसं वाटे.

त्यांच्या दारामागे खुंट्यांची एक रांग होती. त्यांवर थैले. छावणीतून लिलावात निघालेल्या तंबूचं जाड कापड कबाड्याकडून आणून त्यांनी ते स्वतः शिवले होते. घरातल्या प्रत्येकाचा एक. त्यात एक जोड कपडे, चणे आणि गूळ, सत्तूची पुडी, मीठ, तुरटी, मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी, सुईदोरा, हातभर दोरी आणि पाण्याची फौजी बाटली. पाणी रोज सकाळी बदललं जाई. उन्हाळ्यात प्रत्येक थैल्यात एक कांदा पडे, लू लागू नये म्हणून. थंडीत कांदा निघून लोकरीची टोपी येई. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने माणसाचं नाव आणि बापाचं नाव भरलेलं असे. देव, दागिना, भांडं यांतलं काही नाही. एकदा सासूबाईंनी आपल्या थैल्यात अन्नपूर्णेची मूर्ती हळूच सरकवली होती. काकूंनी ती काढून जागेवर ठेवली.

"देव आपले पायांनी येतील," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी उचलायचं नाही."

घरात माणसं पाच. गार्डकाका, म्हणजे काकूंचे यजमान, मालगाडीवर गार्ड होते, त्यांच्या आई, मोठा मधू, धाकटी लता, आणि काकू स्वतः. खुंट्यांवर थैले सहा.

"एखादा फाटला तर असावा," असं आम्ही समजून चाललो. गार्डकाका चेष्टा करायचे, "मेरे आगे पूरी मालगाड़ी रहती है, पीछे कोई नहीं, पर मला कधी भीती वाटत नाही. हिच्या मागे एक थैला आहे, आणि बघा!" म्हणताना ते हसायचे, पण खुंट्यांकडे पाठ करून.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा काकू घर रिकामं करायच्या. आगाऊ कुणाला सांगायच्या नाहीत. उन्हाळ्यातल्या दुपारी, खिडक्यांना वाळ्याचे पडदे आणि सगळी वस्ती आडवी झालेली असताना त्या उठून इतकंच म्हणायच्या, "चला." आवाज चढवायच्या नाहीत. "आग कधी हाका मारत येते का?" असं त्यांचं म्हणणं. मग पाचही जण आपापला थैला घेऊन दाराबाहेरच्या कडुनिंबाखाली. मधू झोपेत चालत यायचा, लता रडत. सासूबाई तर दर वेळी नवा शाप शोधून ठेवायच्या.

"अगं, उन्हात मरू की आगीत मरू, ते तरी एकदा सांगून टाक!"

"मोजून झाल्यावर कसंही मरा, सासूबाई."

डोक्यांना हात लावून मोजणी व्हायची. झाकलेलं काही मोजायचं नाही हा नियम. डोक्यावरचा पदर बाजूला, टोपी काढून, केसांना हात. पाच. आणि मग, सगळे बाहेर असताना, काकू एकट्या पुन्हा आत जायच्या. खाटांखाली वाकायच्या, टाकीमागे बघायच्या, गाद्यांच्या घड्या उलगडायच्या. आम्ही कडुनिंबाखाली उभे. आतून त्यांचा हलका आवाज यायचा, मांजराला बोलवावं तसा. त्यांच्याकडे मांजर नव्हतं.

"काकू कुणाशी बोलतात रे?" मी एकदा मधूला विचारलं.

त्याने मान फिरवली. "पूछना मत, कुमुददी. बाद में पूरा दिन खाना नहीं बनातीं."

बाहेर येताना त्या रिकाम्या हाताने यायच्या, आणि तो हात पदराला पुसायच्या.

एकाहत्तरच्या लढाईत छावणीकडून भोंगा वाजू लागला, खिडक्यांना काळे कागद लागले, तेव्हा हसणाऱ्या सगळ्या बायका काकूंच्या ओट्यावर आल्या. थैल्यात काय काय भरायचं ते विचारू लागल्या. काकूंनी सगळ्यांना सांगितलं, कुणाला फणकारा दाखवला नाही. नाना मात्र आमच्या दारातून मोठ्याने म्हणाले, "वहिनी, बॉम्ब कुठल्या तारखेला आहे ते आधी कळवा, शेडमधली पाळी बदलून घेतो!"

"बॉम्बला मी भीत नाही, भाऊजी," काकू म्हणाल्या. "त्याला निदान तुमचं नाव ठाऊक नसतं."

नानांनी त्या रात्री जेवताना मला नवा मसुदा वाचायला दिला. त्यांनी ते वाक्य कुठल्या पत्रकात घातलं नाही. मी वाट बघत होते.

सहाव्या थैल्याचं गुपित मला शिवणाच्या मशीनपाशी कळलं, आणि ते गुपित असं नव्हतंच. वस्तीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं, फक्त आम्हां मुलींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यातले कपडे दरवर्षी बदलत. आधी परकर-पोलकं, मग वाढत्या मापाचं, मग साडी. दर चैत्रात काकू नवं शिवायच्या आणि वस्तीतल्या त्या-त्या वयाच्या मुलीच्या अंगावर घालून बघायच्या. जुना कपडा मोलकरणीला जाई. मुलींच्या आयांना ते आवडत नसे. मशीनच्या उजेडात मुलगी उभी, अंगावर दुसऱ्याच कुणाच्या नावाचं पोलकं, आणि काकू तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरताहेत. मागे सरून बघताहेत, पण त्या मुलीकडे नाही. कापडावरचं नाव मात्र दरवर्षी तेच, 'छबू'.

माझी वहिनी लग्न होऊन आली तेव्हा काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुझं वय काय गं?" वहिनीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला ब्लाउज घालून बघायला बोलावलं. तो असा बसला की एक टाचणीही लागली नाही. वहिनी घाबरून म्हणाली, "कुणाचा आहे हो काकू?" मी तिथेच भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि सांगितलं. अगदी साध्या आवाजात, कुणाच्या बाळंतपणाची हकीकत सांगावी तसं.

त्यांचं माहेर कृष्णाकाठी. देशातला सगळ्यात मोठा माणूस मारला गेला आणि मारणाऱ्याची जात यांचीच, म्हणून त्या आठवड्यात गावोगाव घरं पेटली. काकू तेव्हा परकरातल्या. संध्याकाळी बातमी आली की शेजारच्या गावातून जमाव निघालाय. गाडी जुंपली. आजीने देव उचलले. पेटीची किल्ली सापडेना, सोवळ्याचं वस्त्र मिळेना, म्हणून हाताला लागलेल्या दुलईत बांधले. ती दुलई छबूची होती. छबू काकूंची धाकटी बहीण, नुकती चालायला लागलेली. अंधारात आईने गाडीतून विचारलं, "सुलू, छबू आली का?" सुलूने हात पुढे केला. दुलई हाताला लागली. उबदार होती, कारण देवांपुढचा नुकताच विझवलेला दिवाही त्यातच बांधला होता. ती म्हणाली, "हो, इथे निजलीय."

"मग मी थोपटत बसले," काकू म्हणाल्या. "अंगाई म्हटली. गाडी हादरली की छातीशी धरायची. उजाडल्यावर नदीपलीकडे थांबलो, आई म्हणाली, दे इकडे, भूक लागली असेल. दुलई सोडली. आत रांगता बाळकृष्ण."

वहिनीने ब्लाउजची कड उलटून आतलं नाव पाहिलं.

काकूंचे वडील गावात परत गेले. घराची राख होती. त्या राखेत काही सापडलं नाही, म्हणजे काहीच नाही. कुणी म्हणालं, एक बाई काखेत पोर घेऊन मळ्याकडे जाताना दिसली. कुणी म्हणालं, ती बाई दुसरीच. एवढ्यावर काकू थांबल्या आणि चाक पुन्हा फिरवलं.

त्या जाळपोळीवर आमच्या घरी एक जुनं पत्रक होतं. मी जाऊन ते काढलं. त्यात कारणं होती. कुणाच्या पिढ्यांचा जाच, कुणाचा राग, कुणाची चिथावणी. सगळी बरोबर होती, आजही मी त्यातलं एक वाक्य बदलणार नाही. मी ते दोनदा वाचलं. त्यात दुलई नव्हती.

मग रेल्वेच्या संपाचं वर्ष आलं, चौऱ्याहत्तर. मे महिना. झाशीच्या मे महिन्यात दगडसुद्धा सावली शोधतो. नाना आणि दादा, म्हणजे माझा भाऊ, दोघेही पकडले जाऊ नयेत म्हणून घर सोडून गेले होते. घरात आई, मी, वहिनी आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ. नळ बंद केलेले. गार्डकाका पहिल्याच आठवड्यात कामावर गेले, आणि सकाळी त्यांच्या दारावर कोळशाने 'गद्दार' लिहिलेलं दिसलं. काकूंनी ते पुसलं नाही. मला हाक मारून दाखवलं.

"खाली सही नाही गं. पत्रक असं असतं का?"

मी मान फिरवून आमच्या घरात शिरले. गल्लीत त्यांच्याशी बोलणं बंद होतं, आणि मी ते पाळत होते. पाळलंच पाहिजे असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी जीप आली. क्वार्टर रिकामं करायचा हुकूम, वेळ अर्धा तास. आईच्या हातात जे येईल ते ती चादरीत बांधत होती. मूठ पिठाची, मूठ कपड्यांची. वहिनी बाळाला ओल्या पंच्यात गुंडाळून नुसतीच उभी. मी त्या हुकूमवाल्या साहेबापुढे उभी राहून मला येत होती ती सगळी वाक्यं हिंदीत म्हणत होते. तो कागदाने वारा घेत ऐकत होता. शिपाई आमची गाठोडी ओढून हातगाडीच्या ठेल्यावर टाकत होते. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. ज्यांच्यासाठी नाना तुरुंगाच्या वाटेवर होते त्यांचंही नाही.

उघडलं ते कोळशाचं दार. काकू बाहेर आल्या, खांद्याला सहावा थैला.

"कुमुद, भाषण मागून. आधी माणसं बाहेर."

त्यांनी आम्हाला कडुनिंबाखाली नेलं. आईच्या डोक्याला हात, वहिनीच्या, माझ्या. बाळाच्या तोंडावरचा ओला पंचा बाजूला केला, त्याच्या टाळूवर हात ठेवला. चार. मग त्या ठेल्यापाशी गेल्या आणि एकेक गाठोडं सोडू लागल्या. भर रस्त्यात, उन्हात. भांडी, गोधड्या, नानांची पुस्तकं. गोधडी आली की ती झटकून, उलगडून, पुन्हा झटकून.

"काए बाई, सोनो ढूँढ रईं का?" एक शिपाई हसला.

काकूंनी शेवटचं गाठोडं बांधलं. तोवर दुसरा शिपाई कुलूप घेऊन आमच्या दाराशी गेला होता. त्या गेल्या आणि कडीवर तळहात ठेवला.

"अंदर देखना है."

"भीतर कोऊ नइयाँ, बाई."

"गिनती नहीं हुई."

"हो तो गई! चार जनें हैं, चारों बाहर ठाँड़े."

"मेरी नहीं हुई."

साहेब खेकसला. तरुण शिपायाने काठी त्यांच्या मनगटाला लावली. मारली नाही, नुसती लावली. काकूंचा हात हलला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. साहेब, हुकूम, संप, आम्ही, यातलं काही त्यांना दिसतच नव्हतं. त्यांना बंद होणारं दार दिसत होतं. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "देख लेन दो, साब. देख लेन दो इनें."

त्या आत गेल्या.

रिकाम्या घरात आवाज मोठा होतो. त्यांची पावलं बाहेरच्या खोलीत, मग स्वयंपाकघरात, मग मागे मोरीपाशी. मग तोच हलका आवाज, कडुनिंबाखालून मी कितीदा ऐकलेला. पण या वेळी त्या बोलवत नव्हत्या. बोलत होत्या, आणि मध्ये थांबत होत्या. समोरच्याचं ऐकून घ्यावं तसं थांबत होत्या. एकदा हसल्या. आईने माझा दंड घट्ट धरला. शिपाई ठेल्यापाशी जागच्या जागी उभे राहिले. वहिनीच्या खांद्यावरचं बाळ दाराकडे तोंड करून टक लावून बघू लागलं.

काकू बाहेर आल्या त्या फार हळू. उजवीकडे किंचित वाकून, छोटी पावलं टाकत. उजवा हात खाली सोडलेला, बोटं अर्धी मिटलेली. उंबऱ्याशी थांबल्या. एक लहान पाय उंबरा ओलांडायला जेवढा वेळ घेईल तेवढ्या थांबल्या, मग पुढे झाल्या. हवालदार बाजूला सरला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने एका बाईपुरती जागा सोडली नाही, जास्त सोडली.

"अब लगा दो," काकू म्हणाल्या.

खांद्यावरचा सहावा थैला त्यांनी वहिनीच्या खांद्याला अडकवला. डाव्या हाताने. पट्टा वहिनीच्या केसांत गुंतला, तरी उजवा हात मदतीला आला नाही. मग त्याच चालीने, हळूहळू, त्या आपल्या घरी गेल्या आणि कोळशाचं दार लागलं.

आम्ही समथरला आईच्या मावसबहिणीकडे राहिलो. तिथे वहिनीने थैला उघडला. साडी, तो ब्लाउज, पाण्याची भरलेली बाटली, कांदा, आणि एक झबलं. छबूचं आता लग्न होऊन मूल झालं असेल, असा हिशेब काकूंनी धरलेला असणार. सगळं वहिनीला आणि बाळाला नेमकं आलं. वहिनीने तो ब्लाउज फाटेपर्यंत वापरला, पण आतलं नाव उसवलं नाही. पुढे नाना पकडले गेलेच. सुटून आल्यावर त्यांनी दोरीवर वाळत असलेलं ते नाव वाचलं आणि विचारलं, "ही कोण?" वहिनी म्हणाली, "हिने आपल्याला नेसवलं." नानांनी एवढं एकच वाक्य ऐकून घेतलं आणि त्यावर काही लिहिलं नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. त्या दुपारी आमच्या क्वार्टरमध्ये कुणी नव्हतं. हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे, खाली सहीसकट.

पुढच्या थंडीत गार्डकाकांची इटारसीला बदली झाली. आम्ही तेव्हा शहरात भाड्याच्या खोलीत होतो. मी सकाळीच नगऱ्यात गेले. धुकं एवढं की कडुनिंब अर्धाच दिसत होता. सामान आदल्या दिवशी गाडीने पुढे गेलं होतं. दारात टांगा उभा होता आणि त्यावर थैले. मला पाच दिसतील असं वाटलं होतं. सहा होते. सहावा नव्या कापडाचा, पट्टा अगदी आखूड. तोंड नीट बांधलेलं नव्हतं. आतून हिरव्या खणाचं झबलं डोकावत होतं, आणि त्याखाली तळहाताएवढे, नुकतं चालायला लागलेल्या पोराचे बूट. मी हात पुढे केला.

"वो मत छूना, कुमुददी," लता म्हणाली.

काकू बाहेर आल्या. सासूबाईंच्या डोक्याला हात, काकांच्या, मधूच्या, लताच्या, स्वतःच्या. मग हात खाली उतरला, गुडघ्याच्या जरा वर, आणि तिथे हवेत थांबला. तेवढा एकच हात रेंगाळला. मग त्यांनी माझ्याही डोक्याला हात लावला, पण मोजणीत नाही. मी जाणारी नव्हते. आणि दाराला कुलूप घातलं. पुन्हा आत जाऊन बघितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

टांग्यात मागच्या बाकावर त्या बसल्या, आणि लता त्यांच्यापासून थोडी सरकून बसली, मध्ये जागा ठेवून, सवय असल्यासारखी.

टांगेवाल्याने लगाम हातात घेतला आणि मागे न बघता विचारलं, "कै सवारी, माई? पाँच?"

"छह," काकू म्हणाल्या. "एक छोटी है."

टांगेवाला वळून बघायला लागला. गार्डकाकांनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"छह ही हैं, भैया," ते म्हणाले. "सँभालके चलाना."